यूपीएफमधील वापरमोजणी आणि कोटा : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते मार्च २०२५

३ फेब्रुवारी २०२५

खासगी ५जी जाळ्यांसाठी आपण जे पॅकेट कोअर (जाळ्याचा मध्यवर्ती भाग) सॉफ्टवेअर तयार करत आहोत, त्याच्या पुढील आवृत्तीत यूपीएफ नोडवर (वापरकर्त्याची पॅकेट पुढे पाठवणारा नोड) तीन गोष्टी यायच्या आहेत : प्रत्येक सेशनच्या (मोबाइलच्या डेटाजोडणीच्या) डेटावापराची मोजणी, त्या वापरावर कोट्याची मर्यादा, आणि यूपीएफ किंवा एसएमएफ (सेशन उभारणारा नियंत्रक नोड) मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास तोपर्यंतच्या मोजणीचे काय करायचे याची व्यवस्था. तिन्ही गोष्टींचे काम संहितेच्या एकाच शाखेत होणार असून या नोंदी त्या शाखेसोबतच ठेवल्या जातील.

४जीच्या मूळ रचनेत पीजीडब्ल्यू हा एकच नोड पॅकेट पुढे पाठवीत असे, तेच मोजीत असे आणि चार्जिंग यंत्रणेशी बोलणेही तोच करीत असे. त्यामुळे मोजणी आणि निर्णय यांच्यामध्ये जाळे येत नव्हते. ३जीपीपी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने रिलीज १४ मध्ये नियंत्रणाचा भाग आणि वापरकर्त्याच्या डेटाचा भाग वेगळे केले व ५जीने तीच विभागणी एसएमएफ आणि यूपीएफ या नावांनी पुढे चालवली. आता मोजणारा यूपीएफ आणि हिशेब ठेवणारा एसएमएफ यांच्यात पीएफसीपी हा प्रोटोकॉल आहे, तो यूडीपीच्या ८८०५ या पोर्टवर चालतो, आणि यूडीपीवर संदेश हरवणे किंवा दोनदा पोहोचणे हे रोजचेच आहे. या कामातली बहुतेक अडचण इथूनच येणार, हे पीएफसीपीचे मानक टीएस २९.२४४ वाचतानाच लक्षात येते.

प्रोटोकॉलमधील रचना सरळ आहे. एसएमएफ सेशन उभारताना यूपीएफला नियम देतो : पीडीआर म्हणजे पॅकेट ओळखण्याचा नियम, एफएआर म्हणजे ओळखलेल्या पॅकेटचे काय करायचे, क्यूईआर म्हणजे वेगाची मर्यादा व गेट, आणि यूआरआर म्हणजे वापराची मोजणी व तिचा रिपोर्ट. एका पीडीआरला एकाहून अधिक यूआरआर जोडता येतात. म्हणजे तेच पॅकेट पूर्ण सेशनच्या खात्यातही जाते आणि विशिष्ट सेवेच्या खात्यातही. ही दुहेरी नोंद हेतुपुरस्सर असते. तिच्याखेरीज कोणताही बाइट एका यूआरआरमध्ये दोनदा येता कामा नये, किंवा एकदाही न येता पुढे जाता कामा नये, एवढी एकच कसोटी या आवृत्तीला लावायची असे बैठकीत ठरले.

६ फेब्रुवारी २०२५

मोजायचे नेमके काय, हा पहिला प्रश्न. यूपीएफकडे एन३ बाजूने, म्हणजे जीएनबीकडून (५जीच्या बेस स्टेशनकडून), जे पॅकेट येते, त्यात मोबाइलच्या मूळ आयपी पॅकेटवर जीटीपी-यू टनेलची वेष्टणे चढलेली असतात : बाहेरचे आयपीव्ही४ हेडर २० बाइट, यूडीपी ८, जीटीपी-यूचे अनिवार्य हेडर ८, ऐच्छिक क्षेत्रांचे ४ आणि क्यूएफआय (सेवेच्या दर्जाचा क्रमांक) वाहून नेणारे एक्स्टेन्शन हेडर आणखी ४. हे सगळे मिळून ४४ बाइट होतात. एन६ बाजूला, म्हणजे इंटरनेटकडे, यांपैकी काहीच नसते. मोजणी एन३च्या इंटरफेसवर केली तर वापरकर्त्याने न मागितलेले ४४ बाइट प्रत्येक पॅकेटमागे त्याच्या खात्यावर चढतील.

हा फरक किरकोळ वाटू शकतो, म्हणून यूईरॅनसिम या सिम्युलेटरवरचा आभासी मोबाइल आणि आयपर्फ३ हे वेग मोजण्याचे साधन घेऊन हिशेब मांडला. दर पॅकेटमध्ये १२०० बाइटचा मजकूर, २० मेगाबिट प्रतिसेकंद वेग आणि ६० सेकंदांचा काळ घेतला, तर १,२५,००० पॅकेट जातात. मजकूर १५,००,००,००० बाइट, यूडीपी व आयपी हेडरचे २८ बाइट धरून मूळ पॅकेटांची बेरीज १५,३५,००,००० बाइट, आणि टनेलसह १५,९०,००,००० बाइट. म्हणजे साधारण साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो. परंतु हाच हिशेब ६० बाइटच्या छोट्या पॅकेटांना लावला, जी सेन्सर किंवा आवाजाच्या सेवांमध्ये सर्रास असतात, तर ४४ बाइटांची भर सुमारे ७३ टक्क्यांवर जाते. खासगी जाळ्यांत अशीच उपकरणे जास्त असणार असल्याने हा मुद्दा मोठ्या डाउनलोडवरून ठरवणे बरोबर नव्हते.

ठरलेला नियम : आतल्या आयपी पॅकेटची लांबी, त्याच्या हेडरसह, एवढीच मोजायची, वर जाणारा आणि खाली येणारा डेटा वेगळा ठेवायचा, आणि पीएफसीपीच्या मेजरमेंट इन्फर्मेशनमध्ये मागणी असेल तर पॅकेटांची संख्याही द्यायची. तपासणीसाठी सर्वात सोपे साधन पिंग ठरले. १००० बाइट मजकुराचे १००० पिंग पाठवले की दोन्ही दिशांना प्रत्येकी १०,२८,००० बाइट यायलाच हवेत, आणि एकही कमीजास्त असेल तर कारण शोधायला सुरुवात करता येते.

११ फेब्रुवारी २०२५

आज मोजणीची जागा ठरवण्यात दिवस गेला. पॅकेट ओळखल्यावर लगेच मोजायचे की क्यूईआरची वेगमर्यादा लावून झाल्यावर, हा प्रश्न वरवर तांत्रिक असला तरी बिलाचा आहे. क्यूईआरमध्ये १०,००० किलोबिट प्रतिसेकंदाची मर्यादा असलेल्या सेशनमध्ये सर्व्हरने वरीलप्रमाणे २० मेगाबिटच्या वेगाने डेटा लोटला, तर मर्यादेआधी मोजणारा काउंटर मिनिटाला १५,३५,००,००० बाइट दाखवील आणि मर्यादेनंतर मोजणारा साडेसात कोटींच्या आसपास थांबेल. उरलेली पॅकेट यूपीएफनेच टाकून दिलेली असतात. जी मोबाइलपर्यंत पाठवलीच नाहीत त्यांचे पैसे मागणे कोणत्याही ग्राहकाला पटणार नाही. मानकातही मर्यादेनंतर मोजणे हेच गृहीत आहे आणि आधी मोजायचे असेल तर एसएमएफने एमबीक्यूई हा झेंडा मुद्दाम लावावा लागतो. आपण दोन्ही पर्याय ठेवले असून झेंडा नसताना मोजणी अगदी शेवटच्या टप्प्यावर, पॅकेट पुढे पाठवण्याच्या क्षणीच होते.

हाच नियम झोपलेल्या मोबाइललाही लावला. मोबाइल निष्क्रिय असताना त्याच्यासाठी पॅकेट आले तर यूपीएफ ते बफरमध्ये ठेवतो आणि एसएमएफला कळवतो. एसएमएफ एएमएफकरवी (मोबाइलची नोंदणी पाहणारा नोड) पेजिंग, म्हणजे मोबाइलला हाक, करवतो. मोबाइल जागा झाला की बफरमधली पॅकेट सोडली जातात. तो जागा झालाच नाही तर ती फेकली जातात. बफरमध्ये घेताना मोजले असते तर न पोहोचलेल्या पॅकेटांची नोंद झाली असती. अर्थात, यूपीएफने पाठवलेले पॅकेट पुढे रेडिओवर हरवले तर ते मोजलेलेच राहते, कारण ते कळायला यूपीएफकडे मार्ग नाही. चार्जिंग पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी हे आधीपासून गृहीत धरलेले आहे.

१४ फेब्रुवारी २०२५

डेटा पाठवण्याचा मार्ग टन या आभासी इंटरफेसवरून एक्सडीपीवर नेण्याचे काम गेल्या आवृत्तीतच झाले होते, त्यामुळे मोजणीही तिथेच बसवावी लागते. एक्सडीपीचा प्रोग्राम नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्येच, लिनक्स कर्नलच्या नेहमीच्या नेटवर्क स्टॅकमध्ये पॅकेट शिरण्याआधी चालतो. तो टनेलचे हेडर काढतो किंवा चढवतो आणि पॅकेट थेट दुसऱ्या इंटरफेसवर वळवतो. जे त्याला झेपत नाही ते तो वर, आपल्या मंद मार्गाकडे सोपवतो. तुकड्यांत आलेली पॅकेट हे त्याचे मुख्य उदाहरण : बाहेरच्या आयपी पॅकेटचे तुकडे झाले असतील तर यूडीपी व जीटीपीचे हेडर फक्त पहिल्या तुकड्यात असते, आणि ते जोडून पाहण्याची सोय एक्सडीपीत नाही. ३जीपीपीने मोबाइलसाठी १३५८ बाइटचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) सुचवला आहे, तो पाळला तर टनेलसह १४०२ बाइट होतात आणि १५०० च्या मर्यादेत तुकडे पडत नाहीत. पण मोबाइलमागे जोडलेले लॅपटॉप तो पाळतीलच असे नाही, म्हणून मंद मार्ग राहणारच.

पूर्वीच्या आराखड्यात काउंटर एक्सडीपी प्रोग्रामच्या सुरुवातीला होता. संहिता-परीक्षणात असे दिसले की, मंद मार्गाकडे सोपवलेले पॅकेट तिथेही मोजले जाईल आणि इथेही. ‘पुढे पाठवण्याच्या क्षणीच मोजा’ हा ११ तारखेचा नियम इथे आपोआप उपयोगी पडला : सोपवणे म्हणजे पाठवणे नव्हे, तेव्हा मोजणी ज्या मार्गाने पॅकेट बाहेर पडते त्याच मार्गावर होते.

काउंटर प्रत्येक सीपीयूसाठी वेगळे ठेवले आहेत. सगळ्या सीपीयूंनी एकच काउंटर वाढवायचा म्हटले तर ६४ बाइटची तीच कॅशे लाइन त्यांच्यामध्ये सतत फिरत राहते आणि एक्सडीपीने कमावलेला वेग तिथेच खर्च होतो. वेगळे काउंटर ठेवले की यूजरस्पेसमधील (कर्नलबाहेरच्या) प्रक्रियेला वाचताना त्यांची बेरीज करावी लागते, आणि इथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. रिपोर्ट पाठवल्यावर काउंटर शून्यावर आणायचा म्हटले तर वाचणे आणि शून्य करणे यांच्यामध्ये गेलेली पॅकेट हरवतात. त्यामुळे काउंटर कधीच शून्य करायचा नाही, तो वाढतच जाईल. आधी कळवलेली बेरीज यूजरस्पेसमध्ये जपून ठेवायची आणि नव्या रिपोर्टमध्ये फक्त वजाबाकी पाठवायची. बेरीज चालू असताना एखाद्या सीपीयूवर आणखी काही पॅकेट गेली तरी ती पुढच्या वजाबाकीत येतात, त्यासाठी कुलूप लावावे लागत नाही. या शाखेतला हा सर्वात छोटा बदल आहे आणि माझ्या मते सर्वात मोलाचाही.

१८ फेब्रुवारी २०२५

भारमापनात वर जाणाऱ्या डेटाचे सगळे काम एकाच सीपीयूवर पडते आणि बाकीचे रिकामे बसतात, असे चाचणीप्रमुखांनी दाखवून दिले. कारण काउंटरचे नव्हते. नेटवर्क कार्ड पॅकेटच्या बाहेरच्या हेडरवरून रांग निवडते, आणि एकाच जीएनबीकडून एकाच यूपीएफकडे येणाऱ्या सर्व जीटीपी-यू पॅकेटांचे बाहेरचे पत्ते तेच असतात. पोर्टही दोन्ही बाजूंना २१५२. कार्डाच्या दृष्टीने शेकडो मोबाइलांचा डेटा म्हणजे एकच प्रवाह. खाली येणाऱ्या डेटाला हा त्रास नाही, कारण एन६वर प्रत्येक मोबाइलचा पत्ता वेगळा दिसतो. उपाय दोन आहेत : टीईआयडी (टनेलचा क्रमांक) वाचू शकणारे कार्ड घेणे, किंवा पाठवणाऱ्याने स्रोत-पोर्ट बदलते ठेवणे, ज्याला मानकाची आडकाठी नाही. आपल्या यूपीएफकडून जीएनबीकडे जाणाऱ्या पॅकेटांत स्रोत-पोर्ट बदलता ठेवण्याची सोय या आवृत्तीत घेतली आहे. उलट दिशेचे आपल्या हातात नाही, म्हणून बसवणीच्या मार्गदर्शिकेत कार्डाची अट लिहावी लागेल.

२० फेब्रुवारी २०२५

शिवजयंतीच्या सुट्टीनंतर आज कोट्याच्या अंमलबजावणीला हात घातला. मोजणी प्रत्येक सीपीयूवर वेगळी असल्यामुळे कोटा संपला हे कोणत्याही एका सीपीयूला कळत नाही. यूजरस्पेसने ठराविक काळाने बेरीज करून पाहावी, हा सर्वात सोपा मार्ग. पण दर १०० मिलिसेकंदांनी पाहिले तरी १ गिगाबिटच्या वेगाने तेवढ्यात १२.५ मेगाबाइट निघून जातात. १० मेगाबाइटच्या कोट्यावर १२.५ मेगाबाइटची चूक म्हणजे कोटा नसल्यासारखेच आहे.

त्याऐवजी हप्त्यांची पद्धत घेतली. सेशनचा शिल्लक कोटा एका सामाईक काउंटरमध्ये असतो. प्रत्येक सीपीयू त्यातून ६४ किलोबाइटचा हप्ता आगाऊ उचलतो आणि तो संपेपर्यंत सामाईक काउंटरकडे फिरकत नाही. घरखर्चाचे पैसे आठवड्याला एकदा काढून डब्यात ठेवावेत तसे. आठ सीपीयू असतील तर जास्तीत जास्त ५१२ किलोबाइट अशा उचललेल्या हप्त्यांत अडकलेले असू शकतात. अडचण शेवटी येते : सामाईक काउंटर शून्यावर आला, पण एका सीपीयूच्या हाती अर्धा हप्ता शिल्लक आहे आणि पॅकेट मात्र दुसऱ्याच सीपीयूवर येत आहेत, तर शिल्लक असूनही पॅकेट अडवले जाईल. म्हणून शिल्लक १ मेगाबाइटच्या खाली आली की नवे हप्ते देणे बंद होते, आणि ज्याच्या हातचा हप्ता संपतो तो त्यापुढे प्रत्येक पॅकेटची लांबी सामाईक काउंटरमधून अणुक्रियेने (मध्ये दुसऱ्याला शिरू न देता) थेट वजा करतो. हा मार्ग मंद आहे, परंतु तो कोट्याच्या शेवटच्या टोकालाच वापरला जातो. तरीही एखाद्या सीपीयूच्या हाती न वापरलेला तुकडा राहू शकतो; तो एका हप्त्याहून मोठा नसतो आणि नवा कोटा आल्यावर बेरजेत परत धरला जातो, म्हणून त्यासाठी आणखी यंत्रणा उभारली नाही.

थ्रेशोल्ड (जेवढा वापर झाला की रिपोर्ट पाठवायचा ती मर्यादा) ओलांडल्याची सूचना रिंग बफरमधून यूजरस्पेसला जाते. दोन सीपीयूंनी एकाच वेळी ओलांडल्यास दोन सूचना जाऊ नयेत म्हणून प्रत्येक यूआरआरला एक झेंडा ठेवला असून तो आधी उभारील त्यालाच सूचना पाठवण्याचा अधिकार मिळतो.

२४ फेब्रुवारी २०२५

चार्जिंगच्या सहकाऱ्यांबरोबर दीर्घ बैठक झाली. त्यांची तक्रार अशी होती की, चाचणीत मोठे डाउनलोड दर थोड्या वेळाने क्षणभर थांबते आणि पुन्हा सुरू होते. यूपीएफच्या बाजूने सगळे नियमाप्रमाणे होते. कोटा १० मेगाबाइटचा, थ्रेशोल्ड ८ मेगाबाइटचा. म्हणजे रिपोर्ट गेल्यापासून नवा कोटा येईपर्यंत वापरायला २ मेगाबाइट हाती. १०० मेगाबिटच्या वेगाने २ मेगाबाइट १६० मिलिसेकंदांत संपतात. तेवढ्या वेळात रिपोर्ट एसएमएफपर्यंत, तिथून चार्जिंग यंत्रणेपर्यंत आणि नवा कोटा उलट वाटेने यूपीएफपर्यंत यायला हवा. त्याला २०० मिलिसेकंद लागले की मधले ४० मिलिसेकंद पॅकेट टाकली जातात, टीसीपी आपला वेग कमी करते आणि वापरकर्त्याला तो धक्का ४० मिलिसेकंदांहून बराच मोठा जाणवतो. ५०० मेगाबिटला तर हाती फक्त ३२ मिलिसेकंद उरतात.

४जीच्या काळातले कोट्याचे आकडे ५जीत जसेच्या तसे आणले की असे होते. थ्रेशोल्ड टक्क्यांत ठरवण्याची सवय सोडून तो वेळेत ठरवावा, असा प्रस्ताव मी मांडला : सेशनच्या कमाल वेगाने एक सेकंदभर पुरेल एवढा कोटा रिपोर्टनंतर शिल्लक राहिला पाहिजे. १०० मेगाबिटच्या सेशनला तो १२.५ मेगाबाइट होतो, आणि मग कोटाच त्याच्या काही पट मोठा द्यावा लागतो. प्रीपेड ग्राहकाच्या खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर लहान कोटा द्यावाच लागेल. पण तेव्हा तो ग्राहक शेवटाकडेच आलेला असतो आणि थोडे थांबणे समर्थनीय ठरते. प्रस्ताव मान्य झाला. हिशेब एसएमएफ करील, कारण सेशनचा कमाल वेग त्याला माहीत असतो. यूपीएफ मिळालेले आकडे जसेच्या तसे पाळील.

दुसरा मुद्दा असा की, रिपोर्ट निघाल्यानंतर आणि नवा कोटा येण्याआधी जे बाइट गेले ते कोणाच्या खात्यात. ते जुन्या कोट्यातून वापरलेले असले तरी रिपोर्टमध्ये आलेले नसतात. नवा कोटा आल्यावर जुन्यातले उरलेले त्यात मिळवायचे की फेकायचे, यावर दोन मते पडली. शेवटी असे ठरले की, नवा कोटा शेवटच्या रिपोर्टपासून मोजायचा, म्हणजे दरम्यान गेलेले बाइट नव्या कोट्यातून वजा होतील आणि जुन्या कोट्याचा शिल्लक भाग रद्द होईल. चार्जिंग यंत्रणेने रिपोर्टनुसार जुना हिशेब बंद केलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे याच पद्धतीने जुळतात.

वेळेच्या कोट्याचे (बाइटांऐवजी वेळेवर मर्यादा) काम सरळ होते आणि ते संध्याकाळपर्यंत पूर्ण झाले.

२८ फेब्रुवारी २०२५

आज मुद्दाम जाळे बिघडवून पाहिले. जाळ्यात मुद्दाम बिघाड घालणाऱ्या टीसी नेटेमने ८८०५ पोर्टवरील वाहतुकीत हानी घडवून पीएफसीपीचे संदेश टाकले आणि टीशार्क या पॅकेट टिपणाऱ्या साधनाने दोन्ही टोकांना पकडलेले संदेश शेजारी ठेवून वाचले.

यूपीएफने सेशन रिपोर्टची विनंती पाठवली, एसएमएफने ती घेऊन वापर नोंदवला, पण त्याचे उत्तर वाटेत हरवले. यूपीएफ तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवतो. एसएमएफने ती नवी समजली तर वापर दोनदा चढतो. म्हणून घेणाऱ्याने पाठवणाऱ्याचा पत्ता व संदेशक्रमांक यांवरून आपले जुने उत्तर शोधून तेच परत द्यायचे असते. याखेरीज प्रत्येक यूआरआरच्या रिपोर्टला स्वतःचा यूआर-एसईक्यूएन क्रमांक असतो. त्यात मध्येच खंड दिसला तर एखादा रिपोर्ट हरवला हे एसएमएफला कळते. पहिला क्रमांक दुहेरी नोंद टाळतो आणि दुसरा हरवलेली नोंद दाखवतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. हे दोन्ही आपल्या एसएमएफमध्ये आता आहेत. पीएफसीपीचा संदेशक्रमांक तीन बाइटांचा असतो, त्यामुळे १,६७,७७,२१५ नंतर तो पुन्हा सुरुवातीला येतो, हेही चाचणीत घेतले आहे.

सेशन बंद होतानाचा प्रसंग अधिक नाजूक निघाला. शेवटचा वापर सेशन डिलीशनच्या उत्तरातच जातो. यूपीएफने सेशन पुसले, उत्तर पाठवले आणि ते हरवले. एसएमएफने पुन्हा विचारले, तर यूपीएफकडे आता सेशनच नाही, म्हणून त्याने कारण क्रमांक ६५, सेशन सापडत नाही, असे उत्तर दिले असते. शेवटच्या रिपोर्टमधले बाइट कायमचे गेले असते, आणि एसएमएफच्या दृष्टीने सेशन नीट बंद झालेले असल्याने कोणाला शंकाही आली नसती. उपाय तोच : पुसण्याआधी उत्तर जपून ठेवणे. किती वेळ, हे मात्र समोरच्याच्या पुनःप्रेषणावरून ठरते. आपल्या मांडणीत टी१ (उत्तराची वाट पाहण्याचा काळ) तीन सेकंद आणि एन१ (पुनःप्रेषणांची संख्या) तीन आहे, म्हणजे पहिला संदेश आणि नंतरचे तीन, असा एसएमएफ बारा सेकंद वाट पाहतो. जपणूक १५ सेकंदांची ठेवली आहे. दुसऱ्या उत्पादकाचा एसएमएफ जोडायचा असेल तर त्याच्या टी१ व एन१चे आकडे आधी मागवून घेतल्याशिवाय ही किंमत तशीच ठेवू नये, असे मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत लिहिले आहे.

५ मार्च २०२५

रीस्टार्टचा भाग. पीएफसीपीमध्ये प्रत्येक नोड आपला सुरू झाल्याचा वेळशिक्का हार्टबीट या हजेरीच्या संदेशासोबत पाठवतो. तो बदललेला दिसला की समोरचा नोड पुन्हा सुरू झाला आणि त्याच्याकडची सेशन गेली, असे दुसरा समजतो. वेळशिक्का सेकंदांत असतो. यूपीएफची प्रक्रिया एकाच सेकंदात दोनदा पडून उठली तर दोन्ही वेळा शिक्का तोच राहील आणि एसएमएफला काहीच कळणार नाही. पहारा देणारी सेवा प्रक्रिया तत्काळ उठवते तेव्हा हे अशक्य नाही. म्हणून शेवटचा शिक्का फाइलमध्ये ठेवतो आणि नवा शिक्का त्याच्याहून किमान एकने मोठा असेल याची खात्री करतो. शिक्का एनटीपीच्या रूपात, म्हणजे १९०० सालापासूनच्या सेकंदांत असतो आणि ३२ बिटांचा तो आकडा ७ फेब्रुवारी २०३६ रोजी शून्यावर येईल. तुलनेत मोठा की लहान हे न पाहता फक्त वेगळा आहे का एवढेच पाहावे, म्हणजे त्या दिवशी अडणार नाही.

एक्सडीपीचा इथे अनपेक्षित फायदा झाला. सेशनचे नियम व काउंटर बीपीएफच्या मॅपमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या तक्त्यांत, असतात आणि ते मॅप फाइल प्रणालीवर पिन केलेले असल्याने यूजरस्पेसची प्रक्रिया पडली तरी शिल्लक राहतात. एक्सडीपीचा प्रोग्रामही चालूच राहतो. म्हणजे प्रक्रिया बंद असताना पॅकेट जात राहतात, मोजली जात राहतात आणि कोटा संपला की अडवलीही जातात. प्रक्रिया बंद आहे म्हणून फुकट वापर होत नाही.

यावरून एका सहकाऱ्याने सुचवले की मग सेशन जपावीत आणि वेळशिक्का बदलूच नये. कल्पना मोहक आहे. परंतु यूजरस्पेसमध्ये असलेली बरीच माहिती, म्हणजे पाठवलेले पण उत्तर न आलेले रिपोर्ट, आधी कळवलेल्या बेरजा, बफरमधली पॅकेट, ही मॅपमध्ये नसते. सेशन जपले आणि बेरीज गमावली तर सेशनचा सुरुवातीपासूनचा सगळा वापर पुन्हा कळवला जाईल, आणि हे सेशन जाण्यापेक्षा वाईट आहे. त्यामुळे कळवलेल्या बेरजा दर रिपोर्टच्या उत्तरानंतर त्याच मॅपमध्ये लिहायच्या एवढेच या आवृत्तीत घेतले. उठल्यावर प्रक्रिया आधी काउंटर व बेरीज यांची वजाबाकी करून न कळवलेला वापर ताळमेळाच्या फाइलमध्ये लिहिते आणि मगच मॅप रिकामे करून नव्या वेळशिक्क्याने हार्टबीट सुरू करते. पडण्याच्या क्षणी ज्या रिपोर्टचे उत्तर यायचे होते त्याचे बाइट फाइलमध्ये पुन्हा येऊ शकतात, म्हणून फाइलमध्ये शेवटचा यूआर-एसईक्यूएनही लिहिला जातो. चार्जिंगवाल्यांना तो एसएमएफच्या नोंदीशी ताडून पाहता येतो.

पूर्ण यंत्राचीच वीज गेली तर मॅपही जातात. तिथे नुकसान थांबवता येत नाही, फक्त मर्यादित ठेवता येते : थ्रेशोल्डइतके, किंवा तो मोठा असेल तर नियतकालिक रिपोर्टच्या अवधीइतके. अवधीची मूळ किंमत ३०० सेकंद ठेवली आहे. ती कमी केली की नुकसान घटते आणि एसएमएफवरचा रिपोर्टांचा भार वाढतो. प्रत्येक ठिकाणी सेशनची संख्या पाहून ती ठरवावी.

१० मार्च २०२५

प्रोमिथियस या देखरेखप्रणालीला द्यायचे आकडे ठरवले. एकूण वापराचा आलेख दिसायला छान असतो, पण बिघाड त्यातून कळत नाही. उपयोगी आकडे वेगळे आहेत : यूआर-एसईक्यूएनमध्ये सापडलेले खंड, जपलेल्या उत्तरांतून परत दिलेली उत्तरे, कोटा संपल्यामुळे टाकलेली पॅकेट आणि मंद मार्गाने गेलेली पॅकेट. पहिला आकडा शून्यावरून हलला की तत्काळ इशारा जाईल. शेवटचा आकडा वाढू लागला तर एमटीयू तपासावा. प्रत्येक मोबाइलचा वेगळा आलेख द्यावा ही मागणी आली होती, ती नाकारली; आयएमएसआयनुसार (सिमचा ओळखक्रमांक) मालिका काढल्या तर प्रोमिथियस त्या भाराखाली गुदमरेल, आणि ग्राहकाची ओळख देखरेखीच्या पडद्यावर असण्याचे काही कारणही नाही.

१३ मार्च २०२५

धूलिवंदनाच्या सुट्टीआधी आवृत्तीची शाखा गोठवली. पिंगची १०,२८,००० बाइटची चाचणी, आयपर्फ३ची १५,३५,००,००० बाइटची चाचणी, तुकड्यांतल्या पॅकेटांची, पीएफसीपीच्या हानीची आणि प्रक्रिया मध्येच मारण्याची, या पाचही चाचण्या आता प्रत्येक बदलानंतर आपोआप चालतात, आणि पहिल्या चारांत एका बाइटचाही फरक खपवून घेतला जात नाही. पाचवीत यूपीएफचे रिपोर्ट व ताळमेळाची फाइल यांची बेरीज, दुहेरी आलेला शेवटचा क्रमांक वगळून, पाठवलेल्या डेटाशी जुळते की नाही ते पाहिले जाते.

एक गोष्ट ठरायची राहिली आहे. ताळमेळाच्या फाइलमध्ये सेशनचा वापर व ओळख दोन्ही असल्याने ती यूपीएफच्या यंत्रावर किती दिवस ठेवायची आणि तिथून कोणी उचलायची, हे चार्जिंगच्या सहकाऱ्यांनी लेखी कळवावे असे त्यांना आज पाठवले आहे; उत्तर येईपर्यंत फाइल आपोआप पुसण्याची सोय बंदच राहील.